सुरेखाताई, तुला कावीळ नव्हती

अन्याय सुरेखाताईवर झाला. दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी झाला, सकाळी, नाशिकमधल्या एका दवाखान्याच्या तळमजल्यावर झाला. सात नंबरच्या खिडकीपासून चार नंबरच्या खिडकीपर्यंत तिला हाताला धरून नेलं, तेवढ्या अंतरात झाला.

हे आधी लिहून टाकलं, ताई, कारण तूच तसं शिकवलंस. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कुणावर, कधी आणि कुठं, हे आलं पाहिजे. बाई पत्रक गॅसजवळ उभ्यानं वाचते, दुसऱ्या ओळीपर्यंत तिचं दूध उतू जातं. माझं पहिलं पत्रक 'व्यवस्थेच्या निर्दयी चक्रात' अशा शब्दांनी सुरू होत होतं. तू कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलंस आणि विचारलंस, "पल्ले, हे चक्र कुठल्या शेडमध्ये आहे ग? सांग, जाऊन बंद करू." अख्खं टेबल हसलं. मी रागानं चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्यानंतर एकही पत्रक तुला दाखवल्याशिवाय छापलं नाही. हे पहिलंच आहे.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाहीये. मला भीती वाटते म्हणून नव्हे. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे माना हलवतात, त्यांच्याकडं तसलंच चालतं म्हणतात आणि सुटतात. या शहरात सात नंबरच्या खिडक्या पुष्कळ आहेत. ज्याचं त्याला कळेल.

तुझ्या घराजवळच्या चौकात फ्लेक्स लावलाय. फोटो तुझ्या लेकीच्या, अक्षदाच्या बारशातला आहे, कुणीतरी तुझ्याशेजारचं माणूस कापून काढलंय, तुझ्या खांद्यावर त्याचा हात तेवढा राहिलाय. खाली लिहिलंय, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. मी तिथं उभी राहून हसले, ताई. मखमलाबादकडं जाणारी माणसं माझ्याकडं बघत होती. अल्पसा आजार. आषाढापासून तू झोपली नव्हतीस आणि यांना तो अल्प वाटतो.

आता काविळीचं सांगते. तुला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना माहीत नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या कॉईल गुंडाळतो. सगळ्या बाया ठेकेदाराच्या, गेटपास ठेकेदाराच्या सहीचा. आजारी पडून घरी राहिलं की परत येताना डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ताप, पाय मोडला, बाळंतपण, काहीही चालतं. पण कागदावर डोक्याचा आजार दिसला की गेटपास परत मिळत नाही. तसा नियम कुठं लिहिलेला नाही. ठेकेदाराचा माणूस एवढंच म्हणतो, मशीन फिरतं ताई, रिस्क कोण घेणार.

म्हणून आमच्या लाइनवर कुणी मोडली की तिला कावीळ होते. कावीळ म्हटलं की ठेकेदार स्वतः मागं सरकतो. घरी बस, इकडं फिरकू नको, कॅन्टीनच्या ग्लासाला हात लावू नको म्हणतो. दोन-तीन आठवडे कुणी फोन करत नाही. सासरचेही गप्प बसतात, कारण काविळीची लाज नसते. कॉलनीतला डॉक्टर ओळखीचा आहे, तो लिहून देतो. आमच्या शेडमध्ये इतक्या बायांना कावीळ झालीय की सुपरवायझरनं दोनदा पाण्याची टाकी धुऊन घेतली. टाकी स्वच्छ निघाली. तू त्यावरही हसलीस. म्हणालीस, निदान टाकी तरी धुतली गेली.

ही कावीळ तू शोधलीस. तुझी आठवण काढायची म्हणून मी ते लपवणार नाही.

मंदाताईपासून सुरुवात झाली. मंदाताई आमची लाइन लीडर, चांदवडकडची, आवाज असा की मशीनवरून ऐकू यावा. तीन वर्षांपूर्वी ती एक दिवस कॉईल गुंडाळता गुंडाळता रडायला लागली आणि थांबेचना. हात चालू, डोळे चालू. तू तिला उठवलंस, डॉक्टरकडं नेलंस आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलंस, कावीळ आहे. मंदाताईचा गेटपास वाचला. मंदाताई वाचली.

मी तेव्हा नवी होते आणि माझं तोंड नवं होतं. मी तुला म्हटलं, हे खोटं आहे, आपण लढायला पाहिजे, डोक्याच्या आजाराची रजा मागायला पाहिजे. तू म्हणालीस, माग. तोवर मंदा कुठं ठेवू? मी म्हटलं, एकदा खोटं बोललं की खरं मागायचं तोंड राहत नाही. तू म्हणालीस, "तुझं तोंड राहू दे शाबूत. मला मंदा शाबूत पाहिजे." हे भांडण तीन वर्षं चाललं. चहाच्या सुट्टीत, बसथांब्यावर, तुझ्या घरच्या ओट्यावर मेथी निवडताना. दर वेळी तू जिंकायचीस, कारण मंदाताई समोर जिवंत बसलेली असायची आणि माझ्याकडं दाखवायला कुणी नव्हतं.

आता आहे. खूश आहेस का?

श्रावणात मी तुला पहिल्यांदा विचारलं, झोप होते का ग. तू म्हणालीस, मशीन घरी येतं माझ्याबरोबर. मला वाटलं कानात आवाज राहतो तसं काही असेल. मग तू कॉईलचे फेरे चुकायला लागलीस. तू चुकायला लागलीस म्हणजे शेडमध्ये सगळ्यांना कळलं. नवरात्रातल्या सोमवारी तू मला सायकल स्टँडमागे नेलंस. आदल्या दिवशी तू मदतीच्या फोनवर बोलली होतीस. त्या फोनवरच्या बाईनं तुला सरळ विचारलं होतं, जीव द्यावासा वाटतो का. तू हो म्हणालीस. कुणीतरी सरळ विचारलं याचं तुला केवढं नवल वाटलं होतं. घाबरलीही नाही ग ती, असं तू मला दोनदा सांगितलंस. तिनं सांगितलं होतं, एकट्या राहू नका, विश्वासाचं माणूस घेऊन दवाखान्यात जा, आणि त्या माणसाला खरं सांगा.

मग तू म्हणालीस, "मला चार दिवस कुठं तरी ठेव, पल्ले. नुसतं ठेव. मला माझ्यापाशी एकटी सोडू नका."

ताई, मी शेकडो मागण्या लिहिल्या आहेत. संडासाच्या, पगाराच्या, पाळणाघराच्या. एवढी लहान मागणी मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. चार दिवस. त्यासाठी कायदा बदलायचा नव्हता. कायद्यात आहेच. सज्ञान माणूस स्वतः जाऊन म्हणू शकतो, मला भरती करा. नवऱ्याची सही लागत नाही, बापाची लागत नाही. तुझा माझ्यावर पूर्ण विश्वास बसावा म्हणून मी ते तुला मोबाईलवर वाचून दाखवलं. तू म्हणालीस, बरं, मग मंगळवारी जाऊ.

आणि आपण गेलो. सात नंबरची खिडकी, वर पाटी, मनोविकार विभाग. आपल्यापुढं एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. आपला नंबर आल्यावर खिडकीतला माणूस तुझ्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, पेशंटबरोबर कोण?

मी म्हटलं, मी.

"नात्यानं कोण?"

मी म्हटलं, कामावरची. तो म्हणाला, नवरा, भाऊ, वडील, कुणीतरी लागेल. मी कायदा सांगितला. तो वैतागला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, कायदा बरोबर आहे, पण आमच्याकडं नातेवाईकाशिवाय घेत नाहीत. उद्या पेशंट निघून गेला तर आम्ही कुणाला धरायचं? मी म्हटलं, निघून कशाला जाईल, ती स्वतःच्या पायानं चालत आलीय. त्यावर त्यानं पहिल्यांदा तुझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "चालत आल्यात म्हणजे तशा बऱ्या आहेत की."

लेबर ऑफिसरला त्याच्याच खुर्चीत घाम फोडणारी तू. ठेकेदाराला नावानं हाक मारणारी तू. त्या खिडकीच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून तू म्हणालीस, मला चार दिवस आत बसू द्या, मी कुणाला त्रास देणार नाही. तो म्हणाला, नातेवाईकांना बोलवा ना, मी कुठं नाही म्हणतोय.

मी आत डॉक्टरला गाठायला निघाले तेवढ्यात मंदाताई आली आणि तिच्याबरोबर बापू आले. तुझा नवरा. हे वाचणाऱ्यांसाठी सांगते, बापू वाईट माणूस नाहीत. दारू पीत नाहीत, हात उचलत नाहीत. मखमलाबादला घरची फुलशेती, दसऱ्याचा आठवडा, झेंडूची तोडणी चालू, ते शेतातून तसेच आले होते, शर्टाला पिवळे डाग. मंदाताईनं त्यांना फोन करून सांगितलं होतं, ताईला कावीळ झालीय, दवाखान्यात नेलीय. तिनं तेच केलं जे तू तिला शिकवलं होतंस.

बापूंनी वरची पाटी वाचली. सावकाश वाचली, मग विचारलं, ही खिडकी कशाची हे?

मंदाताई लगेच म्हणाली, "चुकून हुभ्या राहिल्या, भाऊजी. कावीळ हाय तिला. काविळीची खिडकी तिकडं हाय."

बापूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मेलेलं माणूस परत मिळाल्यासारखा चेहरा. बायकोला कावीळ आहे हे ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मी मधे आले. मी म्हटलं, बापू, कावीळ नाही, तिला झोप नाही, तिला जगावंसं वाटत नाही, तिला इथंच ठेवायचंय, फक्त सही करा. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बापू आवाज चढवूनसुद्धा बोलले नाहीत. हळूच म्हणाले, "पोरी, सर बाजूला. आमच्या घरात पोरगी हे लग्नाची."

मंदाताईनं तुझा हात धरला. तू माझ्याकडं पाहिलंस. आणि गेलीस.

का गेलीस? हे मी तुला विचारायचं ठेवलं होतं. अक्षदासाठी? गेटपाससाठी? की कावीळ तुझीच होती आणि तिला खोटं म्हणणं म्हणजे तीन वर्षांचं भांडण माझ्यापुढं हरणं होतं? इतकी हट्टी होतीस का ग तू? मला वाटतं तू दमली होतीस. हाताला धरून नेतंय ना कुणीतरी, मग कुठंही नेऊ दे, असं झालं असेल. पण हे मी म्हणते.

चार नंबरला तुला लगेच खाट मिळाली. बापूंनी सही केली. रात्री कोण थांबणार, निघून गेलात तर कुणाला धरायचं, असलं तिथं कुणी विचारलं नाही. काविळीच्या माणसावर या शहराचा फार विश्वास आहे.

सलाईन लावली. रक्त घेतलं, लघवी घेतली, पोटाची सोनोग्राफी केली. तुझ्या शरीरातला एकही कोपरा त्यांनी तपासायचा ठेवला नाही, मानेच्या वरचा सोडून. तू राउंडला आलेल्या पोरगेल्या डॉक्टरला म्हणालीस, मला झोप येत नाही हो. तो म्हणाला, काकू, जनरल वॉर्डात कुणालाच येत नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून म्हणाला, तुमचं लिव्हर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आजूबाजूच्या खाटा हसल्या. मी त्याला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. तो ऐकत होता, खरंच ऐकत होता. शेवटी म्हणाला, केसपेपरवर तसं काही नाही, मनोविकारवाल्यांना वर बोलवायचं तर घरच्यांनी सांगायला पाहिजे. घरच्यांनी, म्हणजे बापूंनी, सांगितलं, काही गरज नाही, रिपोर्ट चांगले आलेत ना.

आणि तरी, ताई, दुसऱ्या रात्री तू झोपलीस. शेजारच्या खाटेवर एकलहऱ्याची एक आजी होती, तिच्या मुलाची थर्मल वीजकेंद्रातली सगळी नोकरी तिनं तुला पहिल्या दिवसापासून सांगितली होती. तिच्या बडबडीत तुला झोप लागली. मी सकाळी आले तर तू खाटेवर मांडी घालून बसली होतीस आणि म्हणालीस, आजीच्या मुलाचं प्रमोशन व्हायच्या आत मी घोरायला लागले. चुकीच्या वॉर्डात, चुकीच्या औषधावर, नुसती माणसांत ठेवली तर तू झोपलीस. तू मागितलं होतंस ते तेवढंच होतं. चूक चालू ठेवली असती तरी चाललं असतं. पण रिपोर्ट चांगले होते. गुरुवारी डिस्चार्ज.

घरी काविळीचा थाट झाला. सासूबाईंनी तेल-तिखट बंद केलं. शेजारपाजाऱ्यांनी उसाच्या रसाच्या बाटल्या आणल्या. जी येईल ती तुझी पापणी ओढून डोळा बघायची आणि म्हणायची, उतरलीय आता बरीच. उतरायला चढली होती कुठं. शुक्रवारी कुणीतरी माळवाल्याला आणलं. तो काविळीची माळ डोक्यावर ठेवतो. वनस्पतीच्या काड्यांची असते, जसजशी लांबते तसतशी डोक्यावरून गळ्यात उतरते, आणि मग कावीळ उतरली म्हणतात. मी संध्याकाळी आले तर घरभर झेंडूचा ढीग, अख्खं घर उद्याच्या बाजारासाठी माळा ओवत बसलेलं, आणि मधोमध तू, डोक्यावर ती काड्यांची चकती. माळ तुझ्या कानापर्यंत आली होती. सगळ्यांना केवढा आनंद. तू माझ्याकडं बघून डोळा मारलास. म्हणालीस, "बघ, पल्ले, विज्ञान."

मी हसले. माझ्याकडं तू दिलेलं शेवटचं हसू हे आहे आणि ते माझ्याकडून कुणी घेऊ शकत नाही. त्या भयाण घरात, त्या चकतीखाली, तू मला हसवलंस.

शनिवारी दसऱ्याचा बाजार. वर्षाची सगळी कमाई त्या एका दिवसावर. पहाटे घरातलं एकूणएक माणूस टेम्पोबरोबर गेलं, बापू, सासूबाई, दीर, जावा, अक्षदासुद्धा. तुला त्यांनी नेलं नाही. प्रेमानं नेलं नाही. कावीळ झालेल्या माणसाला आराम लागतो. मी कामावरून तुला फोन केला. तू म्हणालीस, सगळे फुलांवर गेलेत, मला आराम दिलाय. मी म्हटलं, ओट्यावर जाऊन बस, शेजारच्या काकूंना हाक मार, मी अर्धी सुट्टी टाकून निघतेय. तू म्हणालीस, ये.

तू कशी गेलीस ते मी लिहिणार नाही. ते विचारणारे पुष्कळ भेटले, त्यांना दुसरं काही विचारायचं नव्हतं. एवढंच लिहिते की तू एक गोष्ट मागितली होतीस, मला माझ्यापाशी एकटी सोडू नका. आणि तुझ्यावर जीव असलेल्या माणसांनी विचार करून, काळजीनं, तुझ्या उशाशी उसाचा रस झाकून ठेवून, तुला नेमकं तेच दिलं.

दशक्रियेला गोदाघाटावर सगळे होते. पिंड ठेवला. मी मनात म्हटलं, आता कळेल. कावळा शिवणार नाही. मग एकेक जण काय काय कबूल करेल, पोरीचं लग्न करू, गावचं देणं फेडू, आणि कावळा बसून राहील, आणि शेवटी कुणालातरी खरं बोलावं लागेल. मी तयार होते. घशापर्यंत आलं होतं.

कावळा लगेच शिवला. बापूंचा हात पिंडावरून निघायच्या आत. घाटावरचे कावळे ते, दिवसभर दुसरं काम काय त्यांना. बापू रडत म्हणाले, बघा, काही राहिलं नव्हतं तिच्या मनात. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या कावळ्याला मी आयुष्यात माफ करणार नाही.

पायऱ्यांवर मंदाताई मला म्हणाली, तू आता लिहशील. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "लिहू नको. कावीळ खोटी म्हनून छापलं तर आमच्या समद्यांची उघडी पडंल. गेटवरूनच माघारी पाठवतील. आन ताईनंच केलं हुतं ना हे? माझ्यासाठी?"

ती चूक बोलत नव्हती. आणि तीन वर्षं आपण भांडलो त्यात मी एक गोष्ट कधी बघितलीच नव्हती ती मला दिसली. मी मंदाताईला विचारलं, तुझ्या काविळीत ताई काय करायची ग? ती म्हणाली, काय करनार, यायची. सुट्टी झाली की यायची, बसायची. मी झोपले तरी बसायची. तिचा नवरा रात्री पाळीला असला की मुक्काम करायची. गोळ्यांच्या डॉक्टरकडं, खऱ्या डॉक्टरकडं, तीच न्यायची, कुणाला न सांगता. किती दिवस? मंदाताई म्हणाली, लय दिवस. मोजले नाय.

म्हणजे कावीळ नव्हतीच ग ते औषध. कावीळ नुसती रजा होती. औषध तू होतीस. तू बसलीस. पण तू ते कधी बोललीच नाहीस, तू फक्त कावीळ कावीळ करायचीस आणि हसायचीस, आणि आम्ही सगळ्या तेवढंच शिकलो. तुझी पाळी आली तेव्हा आम्ही तुला कावीळ दिली, झोकात दिली, खाट, सलाईन, रस, माळ, सगळं दिलं. बसायला कुणी नव्हतं. बाजार होता.

हे मी मंदाताईला असंच सांगितलं. सौम्य करून सांगितलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "माझं नाव टाक. बाकीच्यांचं टाकू नको. मी वाचलेली हाय, मला टाक." म्हणून तिचं नाव या कागदावर आहे. उद्या तिला गेटवर अडवलं तर मी तिथंच असेन.

आता अक्षदाचं सांगते. एकोणीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, तुझ्यासारखीच हनुवटी वर करून चालते. परवा ती माझ्या खोलीवर आली. चहा घेतला नाही. शनिवारी किती माळा विकल्या ते तिनं मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, मावशी, आईला खरंच कावीळ होती का?

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, "मलापण झोप येत नाही. आजी म्हणते, तुझे डोळे पिवळे दिसतात."

त्या फोनवरच्या बाईनं तुला विचारलं होतं तसं मी तिला सरळ विचारलं. ती माझ्याकडं बघून हो म्हणाली. त्या क्षणापासून ती माझ्याकडं आहे. रात्री मंदाताई येते, दिवसा मी. मदतीच्या फोनवर आम्ही तिघी मिळून बोललो. बापूंना मी घरी जाऊन सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, तू मेथी निवडायचीस तिथं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, काविळीचं म्हणा, मी लगेच येतो सहीला. मी म्हटलं, बापू, नाही. ते आत गेले.

अक्षदानं हे सगळं वाचलंय. तिचं नाव तिच्या सांगण्यावरून आहे. लग्नाचं काय, असं मी तिला विचारलं तर ती म्हणाली, आधी मी राहते, मग लग्नाचं बघू. तुझी पोरगी आहे, ताई.

आणि आता, हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्याशी बोलते. उद्या सकाळी दवाखाना उघडताना आम्ही तिघी जातोय. सात नंबरच्या खिडकीला, अक्षदाला भरती करायला. हे पत्रक तुला अंबडच्या गेटवर मिळालं असेल किंवा मखमलाबादच्या चौकात, त्या फ्लेक्सखाली. ज्यानं दिलं त्याला विचार, तो दवाखाना सांगेल. डबा घेऊन ये, वेळ लागेल. घोषणा द्यायच्या नाहीत, पोरीला आवाज सहन होत नाही. नुसतं रांगेत आमच्यामागं उभं राहायचं. आमचा नंबर आला की जाळीमागचा माणूस मान वर करून विचारेल, पेशंटबरोबर कोण?

तेव्हा इकडं तिकडं बघू नकोस. 'मी' म्हण. आणि नात्यानं कोण म्हणून विचारलं तरी तिथून हलू नकोस.